घोटभर पाण्याची गोष्ट

गेल्या भाद्रपदात आमच्या आदिलाबादच्या घरी धाकट्या जाऊच्या ऋषिपंचमीच्या व्रताचे उद्यापन झाले. ज्या घरांतून हे व्रत अजून चालते त्यांना काही सांगावयास नको. पण नव्या सुनांसाठी सांगते. पाळीच्या काळात कळत-नकळत घडलेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून बायका वर्षानुवर्षे हे व्रत करतात आणि पाळी कायमची थांबली, की त्याचे उद्यापन करून मोकळ्या होतात. दोषाची ती कल्पना मला स्वतःला पटत नाही. पण आज तो वाद घालण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही.

या व्रतात पहाटे आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे असतात. काड्या मोजून १०८. एकेक काडी दातांवरून फिरवायची आणि बाजूला टाकायची. धाकटी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसली होती आणि मी काड्या मोजून देत होते. विसाव्या-पंचविसाव्या काडीला ती थांबली. काडीला रक्त लागले होते. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "अक्का, तोंडात थेंबभर लाळ नाही हो. जीभ टाळ्याला चिकटते. वर्ष झालं असं."

"आणि कुणाला सांगितलंस?"

"हे काय सांगायचं कुणाला!"

दोनच दिवसांपूर्वी तिने हरतालिकेचा निर्जळी उपवास केला होता. आदल्या महिन्यात तिची एक दाढ काढली होती. घरात आम्ही दहा माणसे. पैकी एकालाही तिची ही अवस्था ठाऊक नव्हती. माझी गोष्ट निराळी. मला ठाऊक असायला हवी होती. कारण नऊ वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेले होते आणि मीही कुणाला सांगितले नव्हते. तिच्या त्या रक्त लागलेल्या काडीने मला अपराध्यासारखे वाटले. तेव्हाच ठरविले, की हा विषय उघडपणे लिहायचा.

हा विषय दवाखान्याचा आहे, सांस्कृतिक पानाचा नाही, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की बाईने पाणी केव्हा प्यावे, कुणाच्या आधी पिऊ नये, प्रवासात का पिऊ नये आणि कोणत्या तिथीला मुळीच पिऊ नये, हे सारे आपल्या घरांतून दवाखान्याने ठरविलेले नाही. ते रीतीने ठरविले आहे. रीतीचा विचार या पानावर करायचा नाही तर कुठे करायचा?

आता माझी हकीगत थोडक्यात सांगते. मी हैदराबादची माहेरवाशीण. लग्न होऊन आदिलाबादला आले त्याला तीसहून अधिक वर्षे झाली. हा जिल्हा मराठीला परका नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत मुंबई राज्यात गेले. तोपर्यंत ते याच जिल्ह्यात होते. पैनगंगा ओलांडली की पलीकडे आपलीच माणसे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी बाजारात तेलुगूइतकीच मराठी आणि शेजारी गोंडी, उर्दू ऐकू येते. काळी जमीन, कापूस, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारा पारा. अशा गावात तोंडाला कोरड पडली तर कुणाच्या मनात काही शंका येणार? "उन्हाळा आहे" म्हटले की प्रश्न मिटला. माझाही असाच मिटला. पण पुढे पावसाळा आला, दिवाळी गेली, आदिलाबादची ती हाडे गोठविणारी थंडीही आली, आणि कोरड मात्र होती तिथेच राहिली.

तेव्हा मी ४९ वर्षांची होते. पाळी थांबून काही महिने झाले होते. रात्री अंगातून वाफा निघाव्यात तसे होई. घाम फुटून जाग येई आणि पाहावे तो जीभ लाकडासारखी झालेली. कोरडी भाकरी घशाखाली उतरेना. वरणाला चव लागेना. मी मीठ वाढवीत गेले आणि घरातली माणसे जेवताना एकमेकांकडे पाहू लागली. त्याच सुमारास रक्तदाब वाढला म्हणून गोळी सुरू झाली. लघवी वाढविणारी गोळी होती ती. ज्यांनी दिली त्यांनी तोंडाबद्दल विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. दोष निम्मा माझा.

उपाय मी घरचाच केला. रात्री निजताना गालात खडीसाखरेचा खडा धरायचा. कधी लिमलेटची गोळी. तेवढ्यापुरते तोंडाला पाणी सुटे आणि झोप लागे. दोन वर्षे हा क्रम चालला. पुढे एकामागून एक पाच दात हिरडीलगत किडले. शेवटी इथल्याच एका तरुण दंतवैद्य बाईंकडे गेले. त्यांनी आरशाने तोंड पाहिले, आरसा गालाला चिकटला तो सोडवला, आणि तेलुगूत विचारले, "नोरु एंडिपोतोंदा?" म्हणजे, तोंड कोरडे पडते का? दोन वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. आपली मराठी म्हणते, सांगून सांगून तोंडाला कोरड पडली. माझी कोरड न सांगता आलेली होती.

त्या बाईंनी मला जे समजावून दिले आणि पुढे मी वाचून जे पडताळून घेतले, ते सांगते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण खाल्लेल्या गोडापासून तोंडात जे आम्ल तयार होते ते धुऊन सौम्य करणे, दातांवरच्या कवचाला चुना परत मिळवून देणे, जंतूंना आणि बुरशीला आवरणे, आणि कवळी असेल तर ती जागेवर धरून ठेवणे, ही सारी कामे लाळेची. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्री निजताना गालात धरलेला साखरेचा खडा दातांना दिवसापेक्षा कितीतरी अधिक बाधतो. मी औषध म्हणून जे घेत होते, तेच माझे दात खात होते.

पाळी थांबण्याच्या काळात हे का घडते? आपल्या देशात पाळी सरासरीने ४६–४७ व्या वर्षी थांबते. त्या सुमारास शरीरातले स्त्रीत्वाचे संप्रेरक, इस्ट्रोजेन, उतरणीला लागते. लाळेच्या ग्रंथींवर आणि तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेवरही त्या संप्रेरकाची खूण ओळखणाऱ्या जागा असतात. त्यामुळे काही जणींची लाळ खरोखरीच कमी होते किंवा दाट, चिकट होते. काही जणींची लाळ मोजली तर पुरेशी भरते, तरीही त्यांना तोंड कोरडे वाटते; जीभ पोळल्यासारखी होते. या दुसऱ्या प्रकाराला "मनाचे खेळ" म्हणून हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते मनाचे खेळ नाहीत. जिभेच्या आगीची नोंद वैद्यकाच्या पुस्तकांतून रीतसर आहे आणि ती पाळी थांबलेल्या बायकांत अधिक आढळते.

याच वयात आणखी एक गोष्ट घडते. रक्तदाब, ॲलर्जी, झोप, मनाची उदासी, यांच्या गोळ्या एकामागून एक घरात शिरतात. यांतल्या पुष्कळशा गोळ्या तोंड कोरडे करतात. म्हणजे शरीराने निम्मे पाणी आटवलेले असते आणि उरलेले गोळी आटवते. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडायला मात्र कुणी बसत नाही; कारण पाळी एका डॉक्टरांची, रक्तदाब दुसऱ्यांचा आणि दात तिसऱ्यांचे.

आमच्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे कुणी समजू नये. सुश्रुताने बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत पाळीचा काळ सांगितला आहे. पुढे शरीर पिकते तशी ती थांबते, असा त्याचा आशय. आयुर्वेदात जिभेच्या ठिकाणी राहणाऱ्या ओलाव्याला बोधक कफ असे नाव आहे. चव कळते ती त्याच्यामुळे. माझ्या खारट वरणाचे कोडे त्या एका नावात सुटते. शास्त्राला जे बोलायला संकोच वाटला नाही, ते आपण घरात कुजबुजतसुद्धा नाही, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटते.

"आमच्या आजीला असले काही झाले नव्हते" हा दुसरा आक्षेप मी नेहमी ऐकते. माझ्या आजीचा चेहरा मी डोळ्यांपुढे आणते. पन्नाशीच्या पुढे तिच्या तोंडात चार-पाचच दात होते. भाकरी दुधात कुस्करून खाई. पापड तिच्यासाठी वेगळा चुरत. मिशरी लावल्याने बरे वाटते म्हणे. आम्ही मुले तिला बोळक्या तोंडाची म्हणून हसत असू आणि तीही आमच्याबरोबर हसे. म्हातारपणी बाईचे तोंड असेच व्हायचे, हे आम्ही गृहीत धरले होते. तिला कोरड पडत होती की नाही हे मला कधीच कळणार नाही. कारण तिला कुणी विचारले नाही. आणि न विचारलेल्या गोष्टीवरून ती घडलीच नाही असे अनुमान काढणे हा काही न्याय नव्हे.

आता रीतीकडे येते. आपल्या घरांतली बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते आणि सर्वांच्या मागून पाणी पिते. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. बसने सहा-सात तासांची वाट. या वाटेवर पुरुष प्रत्येक थांब्यावर उतरून चहा घेतात, आणि त्यांच्या शेजारची बाई निघाल्यापासून पोहोचेपर्यंत ओठ ओले करीत नाही. उतरायची वेळ येऊ नये म्हणून. कापूस वेचायला जाणारी मजूर बाई शेतात आडोसा नाही म्हणून तहान मारते. जात वेगळी, भाषा वेगळी, ऐपत वेगळी. पाण्याबाबतचा धाक मात्र तोच. तरुणपणी शरीर हे निभावून नेते. पन्नाशीला ते निभावत नाही, आणि आपण तेव्हाही तोच नेम चालवितो.

आणि मग उपवास. हरतालिका निर्जळी करणाऱ्या माझ्या वयाच्या बायका मी दरवर्षी पाहते. त्यांच्या श्रद्धेचा मी उपहास करणार नाही. मी स्वतः चाळीस वर्षे हरतालिका धरली आहे. पण एक गोष्ट त्यांनी ऐकावी. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत. त्यांत कंदमुळे आहेत, फळे आहेत, दूध आहे, गुरूचा शब्द आहे. पण यादीत पहिले नाव आहे पाण्याचे आणि शेवटचे औषधाचे. व्रताची चाड ज्यांना तुमच्या-आमच्याहून कमी नव्हती, त्यांनी पाण्याला आणि औषधाला मोकळीक दिली, आणि आपण मात्र रक्तदाबाची गोळीसुद्धा कोरड्याच घशाने गिळतो, किंवा त्या दिवशी चुकवितो. हा देवाचा हुकूम नाही. शेजारणीने धरले म्हणून आपण धरले, आणि सासूने पाणी घेतले नाही म्हणून सुनेने घेतले नाही, एवढीच त्याची परंपरा. माझे स्पष्ट मत असे, की पाळी थांबत आलेल्या किंवा थांबलेल्या बाईने निर्जळी उपवास करू नये. आणि हे तिला सांगण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्या बाईने करावे. सुनेला आपणहून ते सांगता येत नाही, हे मी अनुभवाने जाणते.

पानाचा विषयही टाळता येत नाही. इकडची मराठी घरे माहूरच्या रेणुकेची. देवीला विडा कुटून अर्पण करतात आणि तो तांबूल प्रसाद म्हणून मिळतो. चिमूटभर प्रसाद डोक्याला लावून तोंडात टाकावा; त्याला माझा विरोध नाही. पण कोरड घालवायला दिवसभर सुपारी चघळणे किंवा विड्यात तंबाखू घालणे, मिशरी लावणे, हे प्रसादाच्या नावाखाली खपवू नये. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगाला कारण होते, हा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. लाळेचे पांघरूण नसलेल्या तोंडाला तर ती अधिकच बोचते.

मग करावे काय? मला जे उपयोगी पडले आणि जाणकारांनी ज्याला दुजोरा दिला, तेवढे सांगते. दिवसभर घोटघोट पाणी प्यावे. एकदम तांब्याभर पिऊन कोरड जात नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. जेवणात ताक, कढी, वरण असे ओले काही असू द्यावे. काकडी, गाजर असे चावून खाण्याजोगे घ्यावे; चावण्याने लाळ सुटते. साखर नसलेला चघळण्याचा गोंद आता मिळतो. पन्नाशीच्या बाईने तो चघळला तर जग काही बुडत नाही. चहा कमी करावा. खडीसाखर आणि आंबटगोड गोळ्या सोडाव्यात. फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन वेळा, विशेषतः निजण्यापूर्वी, मऊ ब्रशाने दात घासावेत. आणि सहा महिन्यांनी दंतवैद्यांना तोंड दाखवावे.

सर्वांत महत्त्वाचे, गोळ्यांची सारी पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि विचारावे, "यांतली कोणती माझे तोंड कोरडे करते?" गोळी आपल्या मनाने बंद करू नये. माझी गोळी बदलता आली. सर्वांचीच बदलता येईल असे नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय काहीच बदलत नाही.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक कोरड पाळी थांबल्यामुळेच येते असे नाही. फार तहान लागून वारंवार लघवी होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. जिभेवर पांढरा थर बसत असेल तर ती बुरशी असू शकते. तिला औषध आहे. तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडून वाळू गेल्यासारखे खुपत असतील, सांधे दुखत असतील, तर तो एक निराळा रोग असू शकतो. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ बायकांची हकीगत दिली. त्यांतल्या बहुतेकींची पाळी थांबलेली होती. त्या रोगाला आज त्याचेच नाव आहे आणि तो होणाऱ्या दहा माणसांत साधारण नऊ बायका असतात. त्या १९ जणींचे कुणीतरी ऐकून घेतले आणि लिहून ठेवले, म्हणून आज डॉक्टर तो ओळखतात. आपल्या घरांतल्या बायकांचे ऐकून घ्यायला तर प्रबंधाचीही गरज नाही.

धाकटीचे पुढे काय झाले, हे सांगून संपवते. त्या दिवशी उरलेल्या काड्या मी तिच्या हातून काढून घेतल्या आणि एकदाच हिरड्यांवरून हलकेच फिरवून सर्व काड्यांचे पुण्य पदरात टाक म्हटले. माझ्या या धर्मशास्त्राला भटजींनी हरकत घेतली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी दंतवैद्यांकडे गेलो, गोळ्यांची पिशवी बरोबर घेऊन. तिचे आणखी तीन दात वाचतील असे त्यांनी सांगितले आहे. दिरांना मी जेवणाच्या ताटावरच सारे सांगितले. ते गोंधळले, घास तसाच ठेवून थोडा वेळ गप्प बसले. मग आपणच उठून तिच्या पानाशी पाण्याचे भांडे ठेवले. तीस वर्षांच्या संसारात हे मी प्रथमच पाहिले.

उद्यापनात दानासाठी कलश मांडतात. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी उद्यापन असेल त्यांनी त्याबरोबर एक तांब्या-भांडे जास्त आणावे. ते दान देऊ नये. जिचे उद्यापन आहे तिच्या उशाशी, पाणी भरून ठेवावे. आणि रात्री ती उठून प्यायली की नाही, हे सकाळी कुणीतरी तिला विचारावे.